तीस टक्क्यांचा वेढा

आमच्या गावात सुरक्षिततेसाठी म्हणून शिरलेला सगळ्यात मोठा माणूस म्हणजे हैदराबादचा निजाम. ११ मार्च १७९५ ला गावाजवळ मराठ्यांशी लढाई जुंपली, अंधार पडला, गोंधळ उडाला आणि निजाम अलीखान लवाजम्यासकट खर्ड्याच्या किल्ल्यात गेला. किल्ला चांगला होता. सुलतानराजे निंबाळकरांनी १७४३ साली बांधलेला, म्हणजे तेव्हा जेमतेम पन्नाशी ओलांडलेला. भिंती जाड, बुरूज भक्कम, दार दणकट. दार लागल्यावर निजामानं सुस्कारा सोडला असणार. मग बाहेर बघावं तर पेशवे, शिंदे, होळकर, नागपूरकर भोसले असे सगळेच जमलेले. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारी ही मंडळी नेमकी त्याच्याच दाराशी एकत्र आली होती. आत पाण्याचे हाल सुरू झाले. शेवटी दौलताबादचा किल्ला, बराचसा मुलूख, कोट्यवधी रुपयांचा वायदा आणि वर आपला दिवाण मुशीरुल्मुल्क एवढं देऊन स्वारी सुटली.

जिल्हा परिषदेच्या शाळेत मी हा धडा एकतीस वर्षं शिकवला. 'निजाम किल्ल्यात का शिरला? दोन वाक्यांत उत्तर लिहा' हा प्रश्न किती वेळा काढला असेल याची गणती नाही. पण जाड भिंतींच्या आत बसून, सगळं शाबूत असताना, काहीच करता येत नाही तेव्हा माणसाला कसं वाटतं, हे मला निवृत्तीनंतर कळलं. गेल्या श्रावणात मी घरातला संगणक अपडेट केला.

संगणक पुतण्यानं दिलेला. पुण्याला त्याच्या घरी नवा आला तेव्हा जुना आमच्याकडे रवाना झाला, जशी पूर्वी थोरल्याची पुस्तकं धाकट्याकडे यायची. त्याच्या डब्याला आमच्याकडे सगळे 'सीपीयू' म्हणतात. तो सीपीयू नव्हे, सीपीयू त्याच्या पोटात असतो, हे मी सुरुवातीला सांगून पाहिलं. नंतर मीही सीपीयूच म्हणायला लागलो. या डब्यात गावाचा बराचसा कारभार आहे. निवृत्त शिक्षकांच्या हयातीच्या दाखल्यांचे कागद आहेत. अर्जांचे नमुने आहेत: डीपी जळाला, बांध कोरला, बिबट्या दिसला, दिसलेला बिबट्या परत गेला. आणि मुख्य म्हणजे हरिनाम सप्ताहाच्या वर्गणीची चार वर्षांची यादी आहे. कोणी किती दिले, कोणी किती देतो म्हणाले, आणि या दोहोंतला फरक. गावातल्या काही घराण्यांची अब्रू त्या तिसऱ्या रकान्यात असते.

हा संगणक मी कधी बंद करत नसे. नुसता झोपवायचो. बंद केलेली जुनी वस्तू पुन्हा चालू होईलच असं नाही, हा अनुभव मी आमच्या विहिरीवरच्या इंजिनापासून स्वतःच्या गुडघ्यापर्यंत घेतलेला आहे.

दोन महिने कोपऱ्यात सूचना यायची: तुमच्या सुरक्षिततेसाठी महत्त्वाचं अपडेट तयार आहे. मी 'नंतर' दाबायचो. ती दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. विम्याचा एजंटसुद्धा तीन वेळा 'नंतर या' म्हटल्यावर रस्त्यात तोंड चुकवतो, पण ही सूचना निबर. शिवाय अपडेटची मला मुळात धास्तीच. २०२४ मध्ये आमच्या जिल्ह्याचंच नाव अपडेट झालं, अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. नाव योग्यच झालं. अहिल्यादेवींचं जन्मगाव चोंडी आमच्याच जामखेड तालुक्यात आहे, तेव्हा आम्हाला दुप्पट आनंद. पण त्यानंतर अर्जाचे माझे सगळे नमुने उघडून एकेका ठिकाणी जिल्हा बदलावा लागला. बिबट्याच्या अर्जात बदलायचा राहिला तर तो बिबट्या जुन्या जिल्ह्यातला म्हणून परत यायचा. बसथांब्यावर जीपवाला मात्र अजून 'नगर, नगर, नगर' असंच ओरडतो. त्याचं अपडेट झालेलं नाही आणि त्याची जीप रोज सुरू होते.

शेवटी पुतण्याचा फोन आला. "काका, अपडेट करून टाका. व्हायरस घुसला तर सगळं जाईल. फक्त आधी बॅकअप घ्या. काय आहे ते पेनड्राइव्हवर कॉपी करून ठेवा, म्हणजे टेन्शन नाही."

मी शिक्षक माणूस, सांगितलेलं करणारा. घरात एकच पेनड्राइव्ह, नखाएवढा, त्यात आमच्या घरच्यांची कीर्तनं. त्यातच वर्गणीची यादी उतरवून घेतली. मग निर्धास्त मनानं 'अपडेट अँड रिस्टार्ट' दाबलं. वेळ दुपारी दोनची. दिवस खांदमळणीचा, म्हणजे दुसऱ्या दिवशी पोळा. आणि पोळ्याच्या दिवशी देवळात वर्गणीचा हिशेब वाचायचा होता.

पडद्यावर गोल गोल फिरणारे ठिपके आले. खाली लिहिलेलं, अपडेट चालू आहे, संगणक बंद करू नका. शून्य टक्के.

कुंथलगिरी-भूमच्या बाजूला आमच्या पाहुण्यांची खव्याची भट्टी आहे. कढईतलं दूध आटवताना तिथला माणूस उलथणं हातातून सोडत नाही, मान वळवत नाही, जांभईसुद्धा कढईकडे बघतच देतो. मी तसा बसलो. फरक एवढाच की उलथणं नव्हतं. काहीही ढवळता येत नसताना नुसतं आटण्याकडे बघत बसणं फार अवघड. सहा टक्के झाले. मग बराच वेळ सहाच. मग एकदम एकोणीस. मधले तेरा कुठं गेले कोण जाणे. आमच्या वर्गात अशी उडी मारणाऱ्या पोराला मी उभं करून विचारत असे, पायऱ्या दाखव.

तीस टक्क्यांवर तो थांबला. तेवढ्यात शेजारचे तात्या आले. तात्यांना संगणकातलं काही कळत नाही, पण थांबलेल्या कामांतलं सगळं कळतं.

"तीस टक्क्यावर आडलंय व्हय?" ते खुर्ची ओढत म्हणाले. "पुढचं बिल निघालं नसंल."

तेवढ्यात पडदा काळा झाला. डब्यातून एक 'बीप' आला. आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत इंग्रजी ओळ उमटली: रिमूव्ह डिस्क्स ऑर अदर मीडिया. प्रेस एनी की टू रिस्टार्ट.

डिस्का काढा नाहीतर दुसरं कोणतं माध्यम असेल ते काढा, आणि कोणतीही कळ दाबून पुन्हा सुरू करा. मी कळ दाबली. पडदा काळा, बीप, तीच ओळ. पुन्हा दाबली. पुन्हा तीच ओळ. तहसिलात 'उद्या या' ऐकून उद्या जावं आणि त्याच टेबलावरून 'उद्या या' ऐकावं, तसं पंधरा-वीस वेळा झालं. शेवटी मागचं बटण दाबून वीज तोडली, देवाचं नाव घेतलं, जोडली. तीच ओळ.

त्या वेळी एका दैनिकाचे आमच्या गावचे वार्ताहर सप्ताहाची बातमी टाईप करून घ्यायला आले होते. त्यांनी खांद्यावरून डोकावून मोठ्यानं वाचलं. तात्यांनी अर्थ विचारला. मी सांगितला.

"मीडिया काढा म्हणतंय?" तात्यांनी वार्ताहरांकडं बघितलं. "मग बसा की वो भाईर जरा. मशिन घाबरलंय."

वार्ताहर खरंच ओसरीवर जाऊन बसले. मी पुन्हा कळ दाबली. मी सुशिक्षित माणूस आहे, एकतीस वर्षं विज्ञानही शिकवलं आहे. तरीही त्या एका क्षणी मला आशा वाटली होती हे कबूल केलं पाहिजे.

संगणक चालू होत नाही ही बातमी आमच्या आळीत पसरायला दहा मिनिटं लागली. मोटार दुरुस्त करणारे मिस्त्री आले. त्यांच्या मते एक फेज गेला होता, स्टार्टर तपासायला हवा. ट्रॅक्टरवाल्याच्या मते एअर धरली होती. "डिझेल पंपाला धरती तशी. नट ढिला करून हवा काढायची, लगीच उचलतंय." मी म्हटलं, यात डिझेल नसतं. तो म्हणाला, "मग कशावर चालतंय?" आणि मला त्याला पटेल असं उत्तर देता येईना. घरच्यांचं म्हणणं, सकाळी कोणीतरी येऊन 'काय झक्कास चालतो हो तुमचा' असं म्हणून गेलं, तेव्हाच मला खटकलं होतं.

संगणक सुरू होताना काय करतो ते मी पूर्वी मुलांसाठी वाचून ठेवलेलं होतं. वीज आली की तो आधी स्वतःचीच हजेरी घेतो. रॅम? हजर. कीबोर्ड? हजर. सगळं ठीक असलं तर एक 'बीप' देतो, म्हणजे गुरुजी वर्ग भरला. मग तो शोधतो की पुढं काय करायचं हे कोणाला माहीत आहे. आमच्यासारख्या जुन्या मशिनमध्ये ते डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइट्समध्ये लिहिलेलं असतं. देवनागरीचं एक अक्षर युनिकोडमध्ये साधारण तीन बाइट खातं, म्हणजे तिथं आपल्याला पावणेदोनशेच्या आत अक्षरं मिळाली असती. 'प्रति' पासून 'महोदय, वरील विषयास अनुसरून' इथवर येईतो जागा संपते. पण तेवढ्यावर तो अख्खी सिस्टीम उठवतो. याला बूट होणं म्हणतात. बुटाच्या मागच्या पट्ट्याला इंग्रजीत बूटस्ट्रॅप म्हणतात. आपल्याच पायातल्या बुटाचे पट्टे ओढून स्वतःला वर उचलायचं, अशा अशक्य कामावरून तो शब्द आला. हे मी जमलेल्या मंडळींना समजावलं.

"म्हंजी आत्ता ते बूट होत नाय," तात्या म्हणाले.

"हो."

"मग चप्पल तरी होतंय का बघा."

स्टँडजवळ मोबाइल आणि कम्प्युटर रिपेरिंगचं दुकान चालवणारा पोरगा माझाच विद्यार्थी. निरोप धाडल्यावर स्क्रू-ड्रायव्हर कानामागं खोचून आला. त्यानं ओळ वाचली, दोनदा वाचली. माझ्याकडं बघितलं. "रिमूव्ह डिस्क्स," तो म्हणाला. "गुरुजी, स्वच्छ लिहिलंय. हार्डडिस्क काढा म्हणतंय."

चौथीत याला मी 'सूचना नीट वाचा, मग प्रश्न सोडवा' म्हणून छडी दाखवली होती. बिचाऱ्यानं तो धडा इतका मनावर घेतला होता हे मला माहीत नव्हतं. सीपीयू टेबलाखालच्या खणात, पाठ भिंतीला लावून बसवलेला. त्यानं आतल्या आत बाजूचा पत्रा सरकवला. आतली धूळ बघून बायकांनी एकमेकींकडं पाहिलं, आणि आमच्या घरच्यांनी माझ्याकडं. त्यानं मागं हात घालून चाचपलं आणि विचारलं, "हे मागं बारीक बारीक दोन काय आहेत?"

"माउसचं आहे ते," मी म्हणालो. "वायर नसलेला माउस आहे. हात लावू नको, हरवलं तर पुतण्या ओरडेल."

हे वाक्य मी बोललो. साक्षीदार आहेत.

त्यानं हार्डडिस्क काढून टेबलावर ठेवली. सगळे पाटावरच्या बाळाकडं बघावं तसं तिच्याकडं बघायला लागले. मग कळ दाबली. बीप. रिमूव्ह डिस्क्स ऑर अदर मीडिया.

आता इथं कोणीही शहाणा माणूस थांबला असता. डिस्क टेबलावर आहे, तरी पडदा म्हणतोय डिस्क काढा. म्हणजे तो दुसऱ्याच कशाबद्दल तरी बोलतोय. इयत्ता पाचवीच्या पुस्तकात हे अनुमान बसतं. पण त्या खोलीत नऊ माणसं होती, आणि नऊ माणसं एकत्र आली की अनुमानाला बसायला जागा राहत नाही. पोरगा म्हणाला, "मग रॅम असंल." तात्या म्हणाले, "असंल, असंल."

रॅम काढली. ती एक हिरवी पट्टी, तिच्या काठाला सोनेरी दात. त्यानं खोडरबर मागितला. खोडरबरानं रॅम घासणं हा आपल्याकडचा सार्वत्रिक उपचार आहे. त्या दातांवर मळ चढतो, तो निघतो आणि खरंच बऱ्याच वेळा मशिन चालू होतं, म्हणून त्याला हसायचं कारण नाही. निवृत्तीच्या वेळी टेबलाच्या खणात राहिलेला माझा खोडरबर त्या दिवशी पुन्हा सेवेत रुजू झाला. घासून पट्टी परत बसवली, बटण दाबलं, आणि डब्यातून बीप-बीप-बीप असा सलग आवाज यायला लागला.

"बोलाय लागलं!" तात्या ओरडले. घरातला आजारी माणूस निपचित पडलेला असताना कण्हायला लागला की नातेवाइकांना हुरूप येतो, तसं झालं. पोरानं सांगितलं की रॅम नीट बसली नाही म्हणून ते ओरडतंय. त्यानं ती दाबून बसवली. कण्हणं थांबलं. एक बीप. तीच ओळ.

"गुरुजी," तो घाम पुसत म्हणाला, "विंडो मारावी लागंल."

आमच्याकडे संगणकाच्या कोणत्याही दुखण्याचा शेवट इथं येतो. आधी फॉरमॅट मारायचा, मग विंडो मारायची. किंवा टाकायची, मारणे आणि टाकणे यांत व्याकरणाचा फरक असला तरी खर्च सारखाच. चार वर्षांपूर्वी त्यानंच एकदा मारली होती. "आतलं सगळं जाईल पण," तो म्हणाला. खोलीत शांतता पसरली. वर्गणीच्या यादीतल्या तिसऱ्या रकान्यात ज्यांची नावं होती त्यांतले चौघे त्या वेळी तिथं हजर होते, आणि मी शपथेवर सांगतो, चौघांच्याही चेहऱ्यावर मला एक प्रकारची शांती दिसली. एक जण तर म्हणाला, "जाऊ द्या गुरुजी. देवाच्या मनात असंल तसं."

यादीची प्रत मी घेऊन ठेवली आहे हे मला तेव्हा आठवलं नाही का? आठवलं. पण पेनड्राइव्ह कुठं ठेवला ते आठवेना. टेबलाचा खण, शर्टाचा खिसा, चष्म्याचं घर, सगळीकडं पाहिलं.

फॉरमॅट मारणार तेवढ्यात पोराला घरून फोन आला. बैल नदीवरून आणले होते, खांदमळणी खोळंबली होती. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्यांना लोणी-हळद लावायची, तिथं घरच्या पोरानं हजर असायलाच हवं. "परवा येतो गुरुजी," म्हणून तो निघाला. बैलांनी माझी यादी वाचवली असं त्या वेळी तरी मला वाटलं.

रात्री पुण्याला फोन लावला. पुतण्या हिंजवडीत मोठ्या कंपनीत आहे. मॅनेजर झाल्यापासून त्याला संगणकातलं फारसं कळत नाही, माणसांच्या रजा कळतात. तरी त्यानं विचारलं, "स्क्रीन निळी आहे का काका?"

"नाही. काळी."

"काळी? मग सिरियस आहे." मग म्हणाला, "फोटो पाठवा." मी फोटो पाठवला. त्यात फ्लॅशचा एक पांढरा गोळा आणि काचेत उमटलेला चष्म्यासह मी, एवढंच आलं. त्यानं तो फोटो बघून काही निदान केलं नाही, पण काकूंना सांगून माझं बीपी तपासून घ्यायला लावलं.

आणि मग धीर देण्यासाठी त्यानं मला जगाची गोष्ट सांगितली. काका, तुमचं एकट्याचंच नाही हे. १९ जुलै २०२४ आठवतो?

आठवतो कसा नाही. आषाढी एकादशी होती १७ जुलैला. वारीहून आलेल्यांच्या पायांच्या भेगा अजून ओल्या होत्या. देव झोपले १७ तारखेला आणि दोन दिवसांनी जगभरचे संगणक झोपले. शुक्रवार होता. क्राउडस्ट्राइक नावाची अमेरिकी कंपनी, काम काय तर संगणकांची राखण. तिच्या फाल्कन नावाच्या पहारेकऱ्याला आपल्याकडच्या सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी एक छोटं अपडेट गेलं. चोर ओळखायच्या खुणांची यादी, म्हणा ना. चॅनल फाइल २९१ तिचं नाव. पहारेकरी थेट सिस्टीमच्या गाभाऱ्यात बसलेला. यादीत रकाने एकवीस, आणि त्याच्या हातात माहिती आली वीस रकान्यांची. पंगतीत पानं वीस मांडावीत आणि वाढप्याला एकवीस सांगावीत, तसं. वाढपी विसाव्या पानापर्यंत बरोबर वाढत गेला आणि एकविसावा जिलबीचा वेढा त्यानं जिथं पान नव्हतंच तिथं टाकला. गाभाऱ्यात असं झालं की सगळं देऊळच बंद करतात. पडदा निळा. मशिन पुन्हा सुरू होई, पहारेकरी पुन्हा उठे, पुन्हा एकविसावं पान शोधी, पुन्हा निळा.

अठ्ठ्याहत्तर मिनिटांत कंपनीनं ती यादी मागं घेतली. पण तेवढ्यात मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानं ८५ लाख मशिनं बसली होती, आणि बसलेल्या मशिनला दुरून दुरुस्त करता येत नाही; त्याला आधी उठावं लागतं. उपाय साधा होता: सेफ मोडमध्ये जायचं, ती एक फाइल पुसायची. पण तो एकेका मशिनपाशी माणूस जाऊन करायचा. विमानं जमिनीवर, इस्पितळं खोळंबलेली. आपल्याकडे इंडिगोनं प्रवाशांना हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले. ते फोटो तेव्हा मी बघितले होते. अक्षर बरं होतं. अजून हातानं लिहिणारी माणसं विमान कंपनीत शिल्लक आहेत याचा मला एक शिक्षक म्हणून आनंद झाला होता. कंपनीनं नंतर मदतीला धावलेल्या भागीदारांना दिलगिरी म्हणून दहा-दहा डॉलरचं खाण्याचं कूपन धाडलं, आणि काहींचं तेही चाललं नाही.

"बघा," पुतण्या म्हणाला. "राखणदारानंच दार लावून घेतलं."

मी खिडकीतून बाहेर बघितलं. २०२१ च्या दसऱ्याला किल्ल्यापाशी उभारलेला ७४ मीटरचा भगवा ध्वज दिवसा आमच्या खिडकीतून दिसतो. रात्री नुसता अंधार होता. पुतण्याला म्हटलं, आमच्या गावात हे १७९५ सालीच होऊन गेलंय. त्याला ते विनोदी वाटलं. माझा संगणक मी तसाच चालू ठेवून झोपायला गेलो. काळ्या पडद्यावर ती ओळ रात्रभर जागी होती. डिस्क परत आत होती, रॅम घासलेली होती, एकूण एक अवयव धडधाकट. किल्ल्यात सगळं होतं.

पोळ्याच्या पहाटे मला कीर्तन ऐकू आलं.

आधी वाटलं देवळातलं आहे. मग लक्षात आलं, आवाज आमच्याच स्वयंपाकघरातून येतोय. घरचे पुरण शिजायला टाकून भिंतीवरच्या स्पीकरला कीर्तन लावून बसले होते. मी अंथरुणातच उठून बसलो. कीर्तन पेनड्राइव्हमध्ये आहे. कीर्तन वाजतंय. म्हणजे पेनड्राइव्ह सापडलेला आहे.

"पेनड्राइव्ह कुठं मिळाला?"

"कुठं म्हणजे? त्या डब्याच्या मागं खुपसून ठेवलावता तुम्ही. दोन दिवस झाले कीर्तन नाही. काल एवढी माणसं घरात, मी म्हटलं, उगी मधे कशाला बोला. पहाटे घेतला काढून."

मी आतल्या खोलीत गेलो. पडदा निळा होता. पण तो निळा नव्हे. साधा, गोल गोल फिरणाऱ्या ठिपक्यांचा. अपडेट चालू आहे, संगणक बंद करू नका. चौऱ्याहत्तर टक्के.

"तू आणखी काय केलंस?" मी ओरडलो.

"काही नाही बाई. सणाचा दिवस, त्या बटणांवर काल सगळ्यांच्या हातांचे डाग पडलेले. ओल्या फडक्यानं पुसून घेतली."

माध्यम काढा आणि कोणतीही कळ दाबा. पडद्यानं सांगितलेली दोन्ही कामं, सांगितल्या क्रमानं, तिनं केली होती. पडदा न वाचता.

सकाळी पुतण्याचा फोन आला. त्यानं हाताखालच्या एका मुलाला विचारलं होतं, आणि ती ओळ काय आहे ते त्या मुलानं अर्ध्या मिनिटात सांगितलं होतं. जुन्या मशिनला सुरू होताना कोणाला आधी विचारायचं याची एक क्रमवारी असते, बूट ऑर्डर. चार वर्षांपूर्वी आमच्या रिपेरिंगवाल्यानं पेनड्राइव्हवरून विंडो मारली तेव्हा त्यानं पेनड्राइव्हचा नंबर पहिला लावला आणि तो तसाच राहिला. मी मशिन कधी बंदच करत नसल्यामुळं चार वर्षांत कोणाला पत्ता नाही. अपडेटनं मशिन पहिल्यांदा नव्यानं उठवलं, ते गेलं पेनड्राइव्हकडं, पुढं काय करू विचारायला. पेनड्राइव्हच्या पहिल्या ५१२ बाइट्समध्ये फॉरमॅट करतानाच एक पाटी लिहिलेली असते: मी तो नव्हे, मला काढा, मग कळ दाबा. ती ओळ संगणकाची नव्हतीच. पेनड्राइव्हची होती. काल दिवसभर नऊ माणसांसमोर बिचारा ओरडून सांगत होता की मला काढा, मला काढा, आणि आम्ही त्याच्या देखत एकेकाला काढत होतो: डिस्क काढली, रॅम काढली, वार्ताहर काढला.

अपडेटचा काडीचा दोष नव्हता. दोन महिने मी उगाच त्याच्याकडं संशयानं पाहिलं. दोष बॅकअपचा. सगळं बुडालं तर तरून जाईन म्हणून मी जी एक वस्तू हौसेनं खोचून ठेवली, तिनंच दार अडवलं होतं.

सायंकाळी बैलांची मिरवणूक आटोपल्यावर देवळात हिशेब वाचला. तिसऱ्या रकान्यातले चौघे मागच्या खांबाला टेकून बसले होते. वार्ताहरांनी दुसऱ्या दिवशीच्या बातमीत 'गुरुजींच्या संगणकातील बिघाडावर यशस्वी मात' असं लिहिलं. मात कोणी केली ते लिहिलं नाही. मीही सांगायला गेलो नाही. रिपेरिंगच्या पोराला बोलावून बूट ऑर्डर बदलून घेतली. त्यानं पैसे घेतले नाहीत, पण रॅम घासल्यामुळंच फरक पडला असं त्याचं अजून मत आहे.

परवा कोपऱ्यात पुन्हा सूचना आली. या वेळी नीट करायचं ठरवलं: आधी बॅकअप घ्यायचा, पेनड्राइव्ह काढायचा, मगच बटण दाबायचं. स्वयंपाकघरात जाऊन विचारलं, "अगं, पेनड्राइव्ह कुठं आहे?"

"आहे. जपून ठेवलाय."

"कुठं?"

"तेच तर आठवंना झालंय."

कालपासून आम्ही दोघं शोधतोय. तांदळाचा डबा झाला, डाळीचे डबे झाले, देव्हारा झाला. आता बाजरीची कणगी राहिली आहे.